फोटो आधी उलटा करा : सोलापुरात फोटो-संग्रहात इंटर्नशिप करायला येणाऱ्यांसाठी

जून उजाडला की दोन-तीन पोरं-पोरी येतात. हातात कॉलेजचं पत्र, पाठीला सॅक आणि पहिला प्रश्न ठरलेला : "सर, जुने फोटो बघायला मिळतील ना?" मिळतील. पण पहिले चार दिवस तुम्ही फोटोंच्या पाठीच बघणार आहात, हे आधीच सांगून ठेवतो. त्यात ज्याला रस वाटला तो टिकतो. ज्याला नाही वाटला तो आठवड्यानं "सर, घरी काम निघालंय" म्हणतो. त्यालाही माझी हरकत नसते.

मीही असाच आलो होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढचं सगळं त्या वेळी मला कुणी लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

यायच्या आधी

सोलापूरच्या जुन्या फोटोंचं असं एकच घर नाही. ते वाचनालयांच्या कपाटांत आहेत, कॉलेजांच्या इतिहास विभागांत आहेत, वर्तमानपत्रांच्या फायलींत आहेत, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर आहेत आणि सगळ्यांत जास्त घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत चादरीखाली आहेत. काही तर सोलापुरात नाहीतच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. पण त्यांना डॉक्टर म्हणून जग ओळखतं ते चीनमधल्या कामामुळे, आणि त्या कामाचे फोटो तिकडेच निघाले. अमेरिकन मराठी मिशननं सोलापुरात शाळा काढल्या. मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचं, त्याची कागदपत्रं आज हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहेत. तेव्हा विषय ठरवताना "सोलापूरचा इतिहास" असं पत्रात लिहू नका. त्याला कुणीही "हो" म्हणेल आणि कुणालाच काही दाखवता येणार नाही. "पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात माग कुठं असायचा", "नवी पेठेतल्या दुकानांच्या पाट्या", "गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे आणि स्टॉल" असं काहीतरी लिहा. विषय एवढा लहान हवा की डबा उघडल्यावर कुठला फोटो बाजूला काढायचा ते डोळ्याला कळलं पाहिजे.

ऑनलाइन शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रजी दप्तरात आपलं गाव "शोलापूर" आहे, म्हणजे स्पेलिंगमध्ये "एस"नंतर "एच". आजचं स्पेलिंग टाकून शोधलंत तर अर्धा माल दिसणारच नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरचा खंड २० वा, साल १८८४. तोही त्याच नावानं सापडतो. पेठा, बाजार, तलाव, वेशी यांची त्यातली पानं येण्याआधी वाचून टाका. बाकीचं मागाहून वाचलं तरी चालेल.

एका कागदावर थोड्या तारखा लिहा आणि तो कागद वहीच्या कव्हरला आतून चिकटवा. १८५२ नगरपालिका. १८६० रेल्वे आली. १८७१ एकरूख तलाव पुरा झाला. १८७७ पहिली मोठी कापड गिरणी, जिला अजून सगळे "जुनी गिरणी" म्हणतात. १२ मे १९३० पासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी. १९४८ पर्यंत शेजारचं तुळजापूर निजामाच्या राज्यात. १ मे १९६० महाराष्ट्र. १९६४ महानगरपालिका. १९७२ चा दुष्काळ. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली. एवढ्यावर बऱ्याच फोटोंचं कामचलाऊ वय काढता येतं.

सोबत आणायचं ते : शिसपेन्सिल (दोन-बी), खोडरबर, भिंग, मोजपट्टी, वही आणि दोन सुती रुमाल. पेन आणू नका. आणलंत तर सॅकमध्येच राहू द्या. रुमाल दोन का ते मे महिन्यात आलात तर कळेल. फोटो टेबलावर पसरले की पंखा बंद करावा लागतो, नाहीतर चाळीस वर्षं एका क्रमानं बसलेले फोटो चार कोपऱ्यांत उडतात. पंखा बंद, बाहेर बेचाळीस अंश, आणि तुम्ही वाकून बघताय. कपाळावरचा थेंब नेमका फोटोवर पडतो. त्याचा डाग निघत नाही. एक रुमाल कपाळाला बांधा, दुसऱ्यानं हात पुसत राहा. फोटो काढून घेऊ नका स्वतःचा, ध्यान दिसतं.

डबा उघडताना

नवीन आलेला डबा उघडलात की आधी वरून मोबाइलनं त्याचा फोटो घ्या. मग थरामागून थर काढत जा आणि प्रत्येक थराचा फोटो घेत जा. हे कंटाळवाणं आहे. करा. कुणी कुठला फोटो कशाशेजारी ठेवला होता, हीसुद्धा माहिती आहे. लग्नाच्या फोटोंच्या मध्येच गिरणीच्या दाराचा एक फोटो असेल तर तो चुकून आलेला नसतो. नवरा मुलगा तिथं जॉबर, म्हणजे मुकादम, असतो, किंवा त्या लग्नाच्या वेळी संप चालू असतो.

फोटो ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेत ते टाकू नका. तारीख बघा, नोंदवा, मग वेगळ्या पाकिटात घाला. ती तारीख फोटोची नव्हे, गुंडाळल्याची आहे, एवढं लक्षात असू द्या. नवीन मुलं पहिली चूक करतात ती इथंच.

हातमोज्यांबद्दल भांडणं होतात. माझं मत सांगतो. प्रिंट आणि निगेटिव्हला पातळ नायट्राइलचे मोजे बरे. सुती मोजे काचेच्या निगेटिव्हला तर घालूच नका, काच निसटते. मोजे नसतील तर हात साबणानं धुवून, कोरडे करून, फक्त कडेनं धरा. आणि मोजे घालून नाक खाजवलंत की ते मोजे गेले, दुसरे घ्या.

काचेची निगेटिव्ह सापडली तर मोठ्यानं ओरडू नका. दोन्ही हातांनी धरा, कमी चकाकणारी बाजू, म्हणजे जिच्यावर चित्र आहे ती, वर ठेवा. साठवताना एकावर एक चळत लावायची नाही. लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, मध्ये कागदी पाकीट. फुटलेली मात्र आडवीच राहू द्या. फिल्मच्या डबीला व्हिनेगरसारखा वास आला, किंवा फिल्म चिकट, तपकिरी, भुकटी होत चाललेली दिसली, तर डबी मिटवा, वेगळी ठेवा आणि प्रमुखांना सांगा. तिथं हुशारी नको.

आपल्याकडचे दोन खास प्रकार आहेत, ते कुठल्या परदेशी पुस्तिकेत मिळायचे नाहीत. पहिला, फ्रेममधला पूर्वजांचा फोटो. काचेवर हळद-कुंकवाचे ठिपके, वर हाराच्या दोऱ्याचा ओरखडा. पुसू नका. तो फोटो त्या घरात काय म्हणून होता ते त्या कुंकवावरूनच कळतं. आणि आतला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करा. दुसरा, पत्र्याच्या पेटीतली डांबरगोळी. फोटोंना तिचा वास वर्षानुवर्षं चिकटून असतो. गोळ्या काढून टाका, फोटो सावलीत, हवेशीर खोलीत दोन-तीन दिवस जाळीच्या झाकणाखाली राहू द्या. उन्हात नाही. एकानं "वास जाईल" म्हणून गच्चीवर ठेवले होते. तासाभरात पापडासारखे वळले.

आता पाठ वाचा

पाठीवर काय काय असतं? स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला नंबर, ऑर्डरची तारीख, एखादं नाव, डिंकाचे आणि काळ्या कागदाचे तुकडे (म्हणजे फोटो अल्बममधून उपटलाय), आणि कधी कुणाचा हिशेब. आमच्याकडे एका बारशाच्या फोटोमागं दूध आणि रॉकेलचा हिशेब आहे. कुठल्याही संशोधकाला फोटोपेक्षा तोच आवडतो.

भाषा मराठीच असेल असं धरू नका. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतल्या फोटोंवर तेलुगू असतं, बाळीवेशीच्या बाजूला कानडी, कुठं उर्दू, आणि जुन्या व्यापारी घरांत मोडी. वाचता आलं नाही तर "अवाच्य" लिहून मोकळं होऊ नका. "तेलुगू, दोन ओळी, निळी शाई" असं लिहा आणि वर्गातल्या कुणाला तरी दाखवा. सोलापूरच्या कुठल्याही वर्गात तेलुगू वाचणाऱ्या घरातलं एक तरी पोरगं असतंच. त्याला स्वतःला वाचता येत नसेल तर त्याच्या आजीला येतं.

सालाची गंमत वेगळी. शके असेल तर ७८ मिळवा, पण पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. शके १८५२ चा पौष म्हणजे डिसेंबर १९३० आणि जानेवारी १९३१. चौघांच्या फाशीचा महिना. इथं एका वर्षाची चूक झाली तर सगळा अर्थ फिरतो. गुजराती-मारवाडी घरांत विक्रम संवत मिळेल, दिवाळीला वर्ष सुरू होणारा संवत असेल तर त्यातून ५६ वजा करा, दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचं काही असेल तर ५७. तुळजापूर-नळदुर्गाकडून आलेल्या कागदांवर फसली साल असू शकतं, त्यात ५९० मिळवायचे. आणि आकड्याच्या पुढं काहीच नसेल, नुसतं "५२" असेल, तर "५२" एवढंच लिहा. ते १९५२ की शके १८५२ की ऑर्डर नंबर, हे ठरवायची घाई करू नका.

शिक्क्यात पिनकोड आहे का बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. "सोलापूर ४१३ ००२" असा शिक्का म्हणजे प्रिंट त्यानंतरची.

याच पिनकोडानं मला तोंडावर पाडलं. सांगतो.

एका घरून आठ बाय दहाचा फोटो आला होता. गिरणीचं दार, समोर गर्दी, बाजूला पोलीस. घरातल्या आजी म्हणाल्या, "मार्शल लॉचा आहे बाळा, आमचे सासरे त्यात आहेत." मी फोटो न्यायची पावती लिहिली, टेबलावर येऊन फोटो उलटा केला, आणि शिक्क्यात पिनकोड! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आजींची आठवण चुकली, १९३० कुठलं, हा तर सत्तरीतला फोटो. मी तशी नोंद केली, "कुटुंबाची माहिती चुकीची" असा शेरा मारला आणि संग्रहातल्या मॅडमना दाखवायला गेलो. त्यांनी फोटो खिडकीकडे तिरका धरला. म्हणाल्या, "या घडीवर बोट फिरव." फिरवलं. फोटोच्या मधोमध पांढरी घडी दिसत होती, पण बोटाला काहीच लागेना. कागद गुळगुळीत. "घडी फोटोत आहे, कागदावर नाही. म्हणजे?"

म्हणजे कुणीतरी घडी पडलेल्या जुन्या फोटोवरून नवी कॉपी काढून घेतली होती. पिनकोड कॉपीचं वय सांगत होता. मूळ फोटोबद्दल त्याला काहीच म्हणायचं नव्हतं.

नोंद : तीन रकाने

त्या दिवशी मॅडमनी मला जी पद्धत लावली तीच आजही आम्ही चालवतो. दाखल क्रमांक, आकार, प्रकार, कुणाकडून, कधी, हे तर सगळीकडे असतं. ते भरून टाका, दोन दिवसांत हात बसतो. खरं काम पुढच्या तीन रकान्यांचं. "काय दिसतं." "कोण काय सांगतं." "आम्हाला काय वाटतं, आणि का."

पहिल्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसतं ते. "स्वातंत्र्यसैनिकांचा मोर्चा" असं नाही. "सुमारे साठ पुरुष, बहुतेकांच्या डोक्यावर टोपी, डावीकडे लोखंडी दार, उजवीकडे अर्धी चड्डी घातलेले पाच पोलीस, मागे चिमणीचा खालचा भाग." सोलापुरात फोटोत पोलीस दिसला की लगेच मार्शल लॉ होतो आणि फेटा दिसला की स्वातंत्र्यसैनिक. यात आपलं गावप्रेम आहे, खोटेपणा नाही. पण कॅटलॉगमध्ये एकदा गेलं की पुढचा माणूस तिथून उचलतो, मग कॅलेंडरवर छापतो, मग ते फिरून आपल्याकडंच पुरावा म्हणून येतं.

दुसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे, आणि सांगणाऱ्याचं फोटोशी नातं. "सून, लग्न होऊन या घरात १९५५ साली आल्या, सासऱ्यांकडून ऐकलं." शेरा मारायचा नाही. चूक-बरोबर ठरवायला तिसरा रकाना आहे, तोही पेन्सिलीनं.

तिसऱ्यात कारण लिहिल्याशिवाय अंदाज लिहिलात तर मी परत पाठवतो. "अंदाजे १९४०" याला किंमत नाही. का १९४०?

वय काढायचे धागे

आजींच्या फोटोकडे परत येतो. मॅडम म्हणाल्या, भिंग घे आणि माणसं सोडून बाकी सगळं बघ. माणसांकडं बघितलं की आपण गोष्ट रचायला लागतो. दोन दिवस मी कडा बघत बसलो. उजव्या कडेला, पोलिसांच्या मागं, चहाच्या टपरीची पाटी होती, अर्धी कापलेली. "हा १० न. पै."

न. पै. म्हणजे नवे पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, आणि "नये" हा शब्द नाण्यांवरून जून १९६४ मध्ये गेला. टपरीवाला पाटी काही दुसऱ्या दिवशी रंगवत नाही, म्हणून वरची मर्यादा थोडी सैल धरायची. पण खालची पक्की. म्हणजे १९३० नाही, आणि सत्तरीतलाही नाही. आजी चुकल्या होत्या आणि मीही. आज नोंद अशी आहे : पहिला रकाना वरचाच, दुसऱ्यात आजींचं वाक्य, तिसऱ्यात "एप्रिल १९५७ नंतर, बहुधा १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, टपरीच्या पाटीवर न. पै.; ही प्रिंट १९७२ नंतरची कॉपी; गिरणी कोणती ते ठरलेलं नाही."

असे धागे बरेच आहेत. पाटीवर आणे दिसले तर १९५७ च्या आधीचा किंवा लगेचचा. गाडीच्या नंबरप्लेटवर "एमएच १३" असेल तर साधारण १९८९ नंतरचा, त्याआधी तीन अक्षरांच्या मालिका होत्या. प्रिंटचा कागद प्लास्टिकसारखा, ओला केला तरी न वळणारा असेल तर सत्तरीनंतरचा धरायला हरकत नाही. अर्थात, ओला करून बघू नका! चौकोनी सहा बाय सहाची निगेटिव्ह एकशेवीसच्या रोलवरची. आपल्याकडं घरोघरी आगफा क्लिक कॅमेरा असायचा, एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळं बाराच्या वर एक जरी नंबर असला तर रोल दुसरा. सिनेमाचं पोस्टर दिसलं की मुलं खूश होतात. पोस्टर खालची मर्यादा देतं, वरची नाही. गावातल्या टॉकिजांत जुना सिनेमा पुन्हा पुन्हा लागायचा.

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, फोटो सगळ्यांत जास्त येतात आणि सगळ्यांत जास्त फसवतात. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास तीच सात नंदीध्वजांची मिरवणूक, त्याच पांढऱ्या बाराबंद्या, तोच संमती कट्टा, तेच होम मैदान. परंपरा जपली जाते म्हणजे वय काढणाऱ्याची पंचाईत. तिथं नंदीध्वजाकडं बघू नका, बघ्यांकडं बघा. चष्म्याच्या फ्रेमी, पॅन्टचे पाय, पोरांच्या हातातली खेळणी, मागच्या विजेच्या तारा. शिवाय १२ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि गड्डा एकाच आठवड्यात येतात, त्यामुळं एकाच रोलवर दोन्ही असतात आणि पाकिटावर एकाचंच नाव.

स्कॅनिंग

यावर फार बोलण्यासारखं नाही. यंत्राची काच आधी पुसा. प्रिंट ६०० डीपीआयला, ३५ मिमी निगेटिव्ह ३००० च्या वर, मूळ फाइल टिफ, पाठवायला जेपेग. पुढची बाजू आणि पाठ, दोन्ही. कडा कापायच्या नाहीत. रंग "सुधारायचे" नाहीत, डाग काढायचे नाहीत. ते मोबाइलवर हौसेनं करा, संग्रहाच्या फाइलला हात नको. फाइलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक, मागच्या बाजूच्या फाइलला शेवटी एक अक्षर, मध्ये मोकळी जागा नाही. "आजोबा_फायनल_नवीन_२" असं नाव दिसलं तर मी तुम्हालाच आजोबा म्हणेन. तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि एक इमारतीबाहेर. वळलेला फोटो स्कॅनरचं झाकण दाबून सपाट करू नका. तडा जातो.

फोटो घेऊन बाहेर पडा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाला निघा, नऊच्या आत परत या. मूळ फोटो नाही, कॉपी न्या. जिथून फोटो काढला तिथं उभं राहायचा प्रयत्न करा. इमारती बदलल्या तरी काही खुणा हलत नाहीत : भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वर तलावाची कड, इंद्रभुवनाचा घुमट, रेल्वेचा रूळ. दोन खुणा एका रेषेत आल्या की तुमची जागा सापडली. चिमण्या पूर्वी याच कामाच्या होत्या, जुने लोक चिमणीवरून दिशा सांगायचे. त्यातल्या बऱ्याच गेल्या, म्हणून फोटोत किती चिमण्या आहेत ते मोजून लिहा, त्याचा पुढं उपयोग होतो.

उभं राहिलात की माणसं येतातच. "काय बघालायस बे?" असं कुणीतरी विचारणार. रागवू नका, फोटो दाखवा. चाटी गल्लीत, मधल्या मारुतीपाशी, कन्ना चौकात मला जेवढ्या पाट्यांची नावं अशी मिळाली तेवढी कुठल्याही फायलीत मिळाली नाहीत. नाव-पत्ता विचारून लगेच वहीत टिपा, चहा त्यानंतर.

एक काम नव्या मुलांनीच करण्यासारखं आहे. साखर कारखान्याची चिमणी पाडली त्या दिवशीचे फोटो आणि व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत. गोळा करा. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो मागवलात तर तारीख-वेळेची आतली माहिती गळून जाते आणि फोटोही दाबला जातो. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. कोणत्या गच्चीवरून काढला ते विचारा. पन्नास वर्षांनी कुणीतरी भिंग घेऊन आपल्यासारखं बसणार आहे, त्याचे दोन दिवस वाचतील.

लोकांच्या घरी

फोटो मागायला जाऊ नका, फोटो दाखवायला जा. हातात दुसऱ्या कुणाचा तरी जुना फोटो असला की पेटी आपोआप उघडते. पहिला प्रश्न "हे कोण?" नको. माणूस अडखळला की ओशाळतो आणि मग काहीतरी नाव सांगतो. "हा कुठं लावलेला असायचा?" असं विचारा. भिंत आठवली की घर आठवतं, घर आठवलं की माणसं येतात. तेलुगू घरात तेलुगू बोलणारा सोबती न्या. आजी मराठीत तुम्हाला नावं सांगेल, तेलुगूत त्याला भानगडी सांगेल.

शक्यतो तिथंच स्कॅन करा. न्यावाच लागला तर पावती द्या, परतीची तारीख लिहा आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी परत करा. सोबत एक चांगली प्रिंट भेट द्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा आग्रह झाला तर बसा, पण फोटो आधी पेटीत जाऊ द्या. तेलाचं बोट आणि फोटो यांची गाठ पडू देऊ नका.

ज्या आजींच्या फोटोबद्दल एवढं लिहिलं, त्यांना जाऊन सांगायचं काम माझ्यावर आलं. मी पाटी दाखवली, नव्या पैशांचं सांगितलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मग हे सासरे नव्हेत. हे आमचे हे आहेत." आणि दारापाशी उभ्या असलेल्या एका तरुणावर बोट ठेवलं. तेही दुसऱ्या रकान्यात आहे, तारखेसकट, आधीचं वाक्य न खोडता.

सेटलमेंटकडचे जुने सरकारी फोटो हाताशी आले तर फार जपून. १८७१ च्या कायद्यानं जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या, सेटलमेंट नावाच्या वस्त्यांत तारेच्या कुंपणात ठेवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला सोडल्या. फोटोमागं त्या काळचा सरकारी शब्द असेल तर तो "पाठीवरचा मजकूर" म्हणून अवतरणात राहील. तुमच्या वर्णनात तो शब्द यायचा नाही. त्यांची नातवंडं याच गावात आहेत, तुमच्या वर्गातही असतील.

छापायचा हक्क

फोटो हातात असणं आणि तो छापायचा हक्क असणं, दोन वेगळ्या गोष्टी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसिद्ध झालेल्या फोटोचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालायचा; आता तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, पैसे देणारा. घरच्यांकडून साध्या मराठीत एक कागद लिहून घ्या : संग्रहात ठेवायला परवानगी, प्रदर्शनाला परवानगी, इंटरनेटवर टाकायला परवानगी. तिन्हींच्या पुढं वेगवेगळं "हो/नाही". बरेच लोक पहिल्या दोन्हीला हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. त्यांचा तो अधिकार आहे. तुमच्या इन्स्टाग्रामला त्यातलं काहीच लागू होत नाही, म्हणजे तिथं टाकायचं नाही.

शेवटचे दोन दिवस

ओजेटीचा (ऑन-जॉब ट्रेनिंगचा) अहवाल कॉलेजला लागतो तो तुम्ही लिहालच. संग्रहाला लागतो तो दुसरा : कुठल्या डब्यापर्यंत आलात, कुठल्या क्रमांकाची पाठ स्कॅन व्हायची राहिली, कुणाचा फोटो परत द्यायचाय, कुणाला परत फोन करतो म्हणालात. एक पान पुरतं. न ओळखलेल्या फोटोंची यादी वेगळी, प्रत्येकापुढं तुम्ही काय काय करून बघितलं ते. "नाही सापडलं" लिहायला लाजू नका, नाहीतर पुढचा येणारा तेच परत शोधत बसतो.

आणि टेबलाचा खण रिकामा करा, मागपर्यंत हात घालून. इंटर्नशिप संपवून मी गेल्यावर माझ्या खणात नंतर आलेल्या मुलीला एक पाकीट सापडलं. आत तीन निगेटिव्ह, क्रमांक नाही. तिनं फोन केला, "सर, हे कुठल्या डब्यातलं?" अक्षर माझंच होतं. पाकिटावर लिहिलं होतं : "उद्या बघणे."

त्या तिन्ही अजून "न ओळखलेले" मध्ये आहेत.